मागच्या दारी नेलेलं मूल

मी सिनेमाचं संकलन करते. दुसऱ्यांनी शूट करून आणलेल्या ढिगातून काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवायचं काम. भाजी निवडण्यासारखंच, फक्त इथे भाजीचा मालक शेजारी बसून प्रत्येक देठासाठी गळा काढतो. सदाशिव पेठेत दातांच्या दवाखान्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन मी हे बरीच वर्षं करते आहे. खालून यंत्राची घरघर वर आली की हेडफोन लावते आणि कुणाच्या तरी दाढेला विसरून जाते.

माझ्याकडे लोक येतात ते मला काही वाटत नाही म्हणून. ही तक्रार समजू नका, धंद्याचं भांडवल आहे ते माझं. दिग्दर्शकाला आपलं सगळंच आवडत असतं, त्याला शेजारी एक दगड लागतो. मी तो दगड. माझं लग्न मोडलं तेव्हा वकीलबाईंनी सवयीने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मी त्यातला एक घेऊन चष्मा पुसला. त्या म्हणाल्या, "रडा हो, मोकळं वाटेल." मी म्हटलं, "मोकळंच वाटतंय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच नवऱ्याला छळलं असेल. त्यानंतर मी बिबवेवाडीला आईकडे राहायला आले, तिथेच आहे.

गेल्या दिवाळीनंतर एक तिशीतला दिग्दर्शक आपला पहिला सिनेमा घेऊन आला. हिंजवडीतली नोकरी सोडलेली, दाढी वाढवलेली, मला ताई म्हणायचा. सिनेमा एका आईचा होता. पन्नाशीची बाई शहरात एकटी राहते. दर रविवारी एसटी स्टँडवर जाऊन बसते, कुठल्याच गाडीत चढत नाही, संध्याकाळी परत येते. मोठी झालेली मुलगी फोन करते, तो ती उचलत नाही. का, ते प्रेक्षकाला कळत नाही. मागचं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी दिसत राहतं, आणि अगदी शेवटी उलगडतं की मुलगी चार वर्षांची असताना ही तिला आजोळी ठेवून नोकरीसाठी निघून गेली होती.

आणि गेली तीसुद्धा आपल्याकडच्या रीतीने. मूल मागे ठेवून आईला जायचं असेल तर घरातल्या कुणीतरी त्याला मागच्या दारी न्यायचं. गाय दाखवायची, कावळा दाखवायचा. तेवढ्यात आईने पुढच्या दाराने गुपचूप निघायचं. निरोप घ्यायचा नाही, कारण निरोप घेतला की मूल रडतं आणि मूल रडलं की पाय निघत नाही. अजूनही घरोघरी हेच चालतं, फक्त कावळ्याच्या जागी मोबाइल आला आहे.

माझी आईसुद्धा अशीच गेली होती. मला अमरावतीला मावशीकडे ठेवून, मी चार वर्षांची असताना. पटकथा वाचताना हे माझ्या लक्षात आलं का? आलं. "जुळतंय की," असं मनाशी म्हटलं आणि पुढचं पान उलटलं.

आमची गोष्ट थोडक्यात अशी. वडील टेलिफोन खात्यात होते, मी दोन वर्षांची असताना गेले. त्यांच्या जागी आईला नोकरी मिळाली ती पुण्यात, ट्रंक कॉल जोडायच्या टेबलावर. राहायला बायकांचं वसतिगृह, तिथे मूल चालत नसे. म्हणून मी तीन वर्षं मावशीकडे. मग आईला क्वार्टर मिळालं आणि ती मला घेऊन आली. ही गोष्ट आमच्या घरात कुणी लपवली नाही आणि कुणी सांगितलीही नाही. माळ्यावरच्या मोठ्या पातेल्यासारखी ती होती. आहे हे सगळ्यांना माहीत, काढत कुणी नाही.

सिनेमातल्या आईची भूमिका करणारी बाई नाटकाच्या दौऱ्यावर कोकणात होती. पडद्यावर आई गप्प असते आणि तिच्या मनातलं बोलणं वरून ऐकू येतं, अशी बरीच वाक्यं होती. खरा आवाज मिळेपर्यंत अशी वाक्यं कुणाच्या तरी आवाजात भरून ठेवायची असतात, म्हणजे कुठलं दृश्य किती लांब ठेवायचं ते कळतं. त्याला आम्ही पायलट म्हणतो. पायलट पुढे फेकून द्यायचा असतो. तो फार दिवस ठेवला की कानाला त्याची सवय लागते आणि मग खरा आवाज परका वाटायला लागतो, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

मी आईला विचारलं. तिला विचारताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त तिचा आवाज होता. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी तो टेलिफोनचाच आवाज आहे. प्रत्येक अक्षर सुटं, चढ नाही, उतार नाही. भाजीवाल्यापुढे पिशवी धरते तेव्हासुद्धा वाटतं, आता म्हणेल, "बोला, मुंबई लागली." सिनेमात काय आहे हे मी तिला सांगितलं नाही. "थोडं वाचायचंय," एवढंच म्हटलं.

ती पीएमटीने आली, पिशवीत माझ्यासाठी आलू-वांग्याचा डबा. पस्तीस वर्षं पुण्यात काढून बोलणं पार पुणेरी झालं तरी बटाट्याला ती आलूच म्हणते. मी खिडकीवर गोधड्या टांगल्या, खालच्या डॉक्टरांना अर्धा तास यंत्र बंद ठेवायची विनंती केली. दिग्दर्शक आईच्या पाया पडला. आईने चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला आणि वाचायला लागली. एकही वाक्य अडलं नाही. फक्त शेवटचं वाचताना ती जरा थांबून थांबून वाचत गेली.

"गाडी सुटली. तिचं रडणं मला ऐकू येत होतं. घाट उतरला, तरी ऐकू येत होतं."

तिने कागद खाली ठेवला आणि पाणी मागितलं. मी संगणकाच्या काचेकडे बघत होते. काचेवर आवाजाची हिरवी रेघ पसरलेली होती आणि मी एवढंच टिपत होते, की शेवटचं वाक्य लांबलंय, पुढच्या दृश्यावर सांडणार. माझ्या आईने ते वाक्य माझ्यासमोर बसून म्हटलं, हे मला बसमध्ये घरी जाताना सुचलं, आणि तेही निरोप मिळावा तसं.

पाणी पिऊन झाल्यावर तिने दिग्दर्शकाला विचारलं, "ही मुलीला टाकून गेली, हे तुम्ही लोकांना शेवटी सांगणार?"

"हो काकू. स्ट्रक्चरच तसं आहे. आधी ऑडियन्सला तिचं विचित्र वागणं दिसतं. रीझन एंडला रिव्हील होतं. मग इम्पॅक्ट येतो."

"लोकांना येईल. तिचं काय?"

"म्हणजे?"

"तिला शेवटी कळतं का, आपण गेलो ते? तिला सकाळी दात घासताना पहिलं तेच आठवतं. लोकांपासून लपवा, तुमचा धंदा आहे. पण तुमची बाई अशी फिरते आहे की जणू तिलाही ठाऊक नाही. ठाऊक नसतं तर स्टँडवर कशाला जाऊन बसली असती? मंडई नव्हती का जवळ?"

तो हसला, मग हसायचं थांबला. माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बरोबर बोलते आहे ती." संकलक म्हणून म्हटलं मी ते. रहस्य प्रेक्षकासाठी असतं, अपराध्यासाठी नसतं. आणि आमच्या सिनेमात दोघांना एकाच पोत्यात भरलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. समोर बसलेल्या बाईला इतकी अचूक दुरुस्ती कशी सुचली, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

आम्ही निघून जाण्याचा प्रसंग कापून दोन केला. आईचं पुढच्या दाराने निघणं सिनेमाच्या पहिल्या पाच मिनिटांतच टाकलं. आता तिचं स्टँडवर बसणं, फोन न उचलणं सगळं समजत होतं, आणि समजत असल्यामुळे जास्त बघवत नव्हतं. शेवटाला राहिला मुलीचा भाग. गाडी सुटते, आणि मग मागच्या अंगणात मुलगी. आईला जाताना तिने पाहिलेलंच नाही, घरात येते, आई नाही, आणि ती रडते. विश्रांतवाडीची एक चुणचुणीत मुलगी होती त्या कामाला. काय रडली होती! 

आणि इथे आमची चूक झाली. माझ्या मदतनीस मुलीने तो रडण्याचा तुकडा लावला, पण त्याच्या सुरुवातीचं शेपूट छाटायचं विसरली. कॅमेरा सुरू झालेला असतो, कुणी अजून "ॲक्शन" म्हटलेलं नसतं, त्या मधल्या वेळात काहीबाही टिपलं जातं. त्यात ती मुलगी अंगणात उकिडवी बसून चिंचोके एका ओळीत लावत होती. एकदा मान वर करून तिने समोर बघितलं. कुणीच काही बोललं नाही म्हणून परत चिंचोक्यांकडे वळली. माझ्या आईने वाक्य लांबवलेलं होतं, ते गाडीच्या दृश्यावरून सांडलं ते नेमकं त्या शेपटावर. पडद्यावर मुलगी शांतपणे चिंचोके लावते आहे, आणि वरून माझ्या आईचा सपाट आवाज: तिचं रडणं मला ऐकू येत होतं. घाट उतरला, तरी ऐकू येत होतं.

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "ताई, इथेच संपवा."

"पुढे रडते आहे ती."

"नको. रडणं काढून टाका. इथेच."

मी रडणं काढून टाकलं. एक कळ दाबायची असते.

मला काही वाटलं नाही. आठवलं मात्र. मावशीच्या मागच्या अंगणात शेळीला दोन पिल्लं झाली होती. मावशीने माझा हात धरून ती दाखवायला नेलं. एका पिल्लाचे कान काळे होते. मी त्याला हात लावला, ते उडालं, मावशी हसली. मग आम्ही आत आलो. दाराशी आईच्या चपला असायच्या, ती जागा रिकामी होती. मी त्या जागेकडे बघितलं आणि मावशीकडे गूळ मागितला. रडल्याचं मला आठवत नाही असं नाही. न रडल्याचं आठवतं. पुढचे दोन-चार दिवस मावशी माझ्या मागे मागे होती. "रडत काहून नाही वं तू?" असं तिने विचारलंसुद्धा. मला वाटलं, आपलं काहीतरी करायचं राहिलं.

मावशीच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. आई ड्यूटीवर असताना, लाइन मोकळी मिळाली की तिथे लावायची. तिचा प्रश्न एकच असायचा, "रडते का?" मावशी म्हणायची, "नाही वं, खेळून राहिली." आणि हे अक्षरशः खरं होतं. पण आईला वाटायचं, बहीण आपलं मन राखायला खोटं बोलते. मी मोठी झाल्यावर मावशीने मला हे हसत सांगितलं होतं. "शंभरदा सांगतलं तिले. आयकतच नव्हती."

सात वर्षांची असताना मी पुण्याला आले तेव्हा कितीतरी दिवस आईला अहो-जाहो करत होते. "तुम्ही जेवल्या का?" आई हे शेजारणींना कौतुकाने सांगायची, केवढी वळण असलेली मुलगी म्हणून. वळण कसलं? घरी आलेल्या पाहुण्यांशी असंच बोलायचं असतं, हे मला मावशीने शिकवलं होतं.

नाटकाचा दौरा संपला, नटी आली, तिने सगळी वाक्यं तिच्या आवाजात केली. चांगली केली. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला, डोळ्यांत पाणी आलं, दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या आणि ती गेल्यावर डोकं धरून बसला. "ताई, पायलटच पाहिजे." कानाला सवय लागली होती. मलाही लागली होती. नटीच्या आवाजात ती बाई रडणाऱ्या मुलीला आठवून रडत होती. आईच्या आवाजात ती नुसती सांगत होती, खिडकीवरचा माणूस गाडीची वेळ सांगतो तसं. ते जास्त भयंकर होतं.

परवानगी विचारायची म्हणून दिग्दर्शकाने आईला पुन्हा बोलावलं आणि शेवट दाखवला. या वेळी तिने पहिल्यांदा आवाजाबरोबर चित्र पाहिलं. पाहून झाल्यावरही ती काचेकडेच बघत राहिली. काच काळी झालेली होती.

"ही रडत का नाही?"

"काकू, तोच तर पॉइंट आहे!" त्याला राहवेना. "आईला आयुष्यभर वाटतं की मूल रडतंय. आणि मूल मात्र खेळतंय. म्हणजे तो सगळा गिल्ट, ती अख्खी लाइफ..."

"उगाच," आई म्हणाली.

"एक्झॅक्टली!"

आईने पिशवी उचलली. "आवाजाचं मी नंतर कळवते," ती म्हणाली, "मला आधी एक विचारून घ्यायचंय." कुणाला, ते तिने सांगितलं नाही. जिना उतरताना कठड्याला धरून उतरली, एरवी धरत नाही.

 रविवारी सकाळी आम्ही मटार सोलायला बसलो. थंडीत ती मोठी पिशवीभर मटार आणते, दाणे काढून फ्रीजमध्ये ठेवते. दोघींच्या मध्ये परात होती. शेंगा सोलताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, त्यामुळे बोलणं सोपं जातं.

"त्याचा फोन आला होता," आई म्हणाली. "आवाज ठेवू का विचारत होता."

"तुझा आवाज आहे. तू ठरव."

"मी ते वाक्य बोलले ना, ऐकू येत होतं म्हणून." तिने एक शेंग फोडली. "मला खरंच येत होतं. बडनेऱ्याला गाडीत बसले तेव्हापासून. भुसावळ आलं तरी येत होतं. नंतर टेबलावर कानाला यंत्र लावलं की, लाइन लागायच्या आधी जो सूं आवाज असतो ना, त्यातसुद्धा. त्यामुळे मला ते वाचताना काही वाटलं नाही. खरं तेच वाचलं. पण मग त्या पोरीला बघितलं तशी बसलेली." दाणे परातीत पडले. "तू रडली होतीस ना गं?"

शेवटी तिने 'ना' लावला होता. जन्मभर जिने लोकांना "बोला" म्हणून बोलायला लावलं, तिला हा प्रश्न विचारायला पस्तीस वर्षं लागली होती.

मी हातातली शेंग सोलत राहिले. खरं सांगितलं असतं तर तिच्या पाठीवरचं ओझं एका वाक्यात उतरलं असतं. तुझ्यावाचून माझं काही अडलं नाही, आई. शेळीची पिल्लं बघितली, गूळ खाल्ला, झोपले. सुटली असती ती. पण सुटून तिच्या हातात काय राहिलं असतं? त्या तीन वर्षांतलं माझं तिच्याकडे काहीच नाही. माझा पहिला पडलेला दात मावशीने कौलावर टाकला, शाळेत पहिल्यांदा मावशीने सोडलं, गोवरात मावशी उशाशी बसली. आईच्या वाट्याला त्या तीन वर्षांतलं माझं फक्त रडणं आलं होतं, तेही न झालेलं. ते मी काढून घेतलं तर उरला असता नुसता टेबलावरचा सूं आवाज.

आणि आणखी एक होतं. न रडणं म्हणजे काय, हे तिला कळलं असतं. त्या दिग्दर्शकाला वाटतं तसं मूल खेळत नव्हतं. मी काही आनंदात नव्हते. मी तेव्हाच कुठलीतरी कळ दाबली होती, आणि ती पुन्हा कशी वर उचलायची हे मला आजवर सापडलेलं नाही. वकीलबाईंच्या समोर सापडलं नाही, इथेही सापडत नव्हतं.

"रडले," मी म्हटलं. "खूप रडले. मावशीला आवरेना."

तिचे हात थांबले. "वाटलंच होतं मला," ती म्हणाली. त्या सपाट आवाजाला चढ आलेला मी ऐकला. "आणि ही बया मला सांगायची, खेळून राहिली, खेळून राहिली!"

"तुझं मन राखत होती."

"मग काय तर. बहीण आहे." तिने मूठभर शेंगा पुढे ओढल्या आणि भराभर सोलायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग तुमच्या त्या पोरीला तसं का ठेवलंत?"

"त्याला तेच आवडलंय."

"त्याला काय कळतंय. मूल नाही, बाळ नाही." आणि मग, "ठेव म्हणावं आवाज. नाव नको."

दुपारी ती पोटभर जेवली आणि आडवी झाली ती चक्क घोरायला लागली. मी स्वयंपाकघरात परात धुवत होते. मला राग आला. किती दिवसांनी काहीतरी आलं ते म्हणजे राग. मी चार वर्षांची असताना ऊर फुटेस्तोवर रडले, हे ऐकून या बाईला अशी झोप लागावी? मीच बोललेलं खोटं, आणि मलाच त्याचा राग. परात हातातून निसटून ओट्यावर आपटली, आईने कूस बदलली. मी पुसायचं फडकं घेतलं तोवर राग गेलेला होता, आणि आतली जागा पुन्हा पहिल्यासारखी झाली.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. ती आता थकली आहे, फोन सुनेने लावून द्यावा लागतो.

"काय सांगतलं वं तू तिले?" मावशी म्हणाली. "फोन करून माह्यावर चढली. खोटारडी म्हणते मले. पोरीनं सगळं सांगितलं म्हणते."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणू? चूप राह्यली." ती जरा थांबली. तिच्या खोलीतला पंखा मला ऐकू येत होता. "पण लई वेळ चूप राह्यली मी, बाई. अन् तिचा जनम गेला फोनवर. तिले चूप समजते."

मी आईला काही विचारलं नाही. तिनेही काही काढलं नाही. फ्रीजमध्ये मटार होते, ते आम्ही महिनाभर खाल्ले.

सिनेमा पुरा झाल्यावर आपल्या माणसांसाठी म्हणून दिग्दर्शकाने एका छोट्या हॉलमध्ये दुपारचा खेळ ठेवला. त्याचे आईवडील आले होते, नटी आली होती, ती चुणचुणीत मुलगी नवा फ्रॉक घालून आली होती आणि पडद्यासमोर पळापळ करत होती. आई ठेवणीतली साडी नेसली होती. तिला मी कडेची खुर्ची दिली आणि शेजारी बसले. दिवे गेले.

पहिल्या पाच मिनिटांतच बाई पुढच्या दाराने निघाली. आई स्वस्थ बसून होती. पुढे तिचं वाक्य न् वाक्य तिच्याच आवाजात येत होतं आणि ती परक्याचं ऐकावं तशी ऐकत होती. स्टँडच्या प्रसंगाला मागे कुणीतरी नाक ओढलं. मी सवयीने कुठे एखादा तुकडा लांबलाय का ते बघत होते. एक लांबला होता, माझ्याशिवाय कुणाला कळणार नव्हता.

शेवट आला. गाडी सुटली. तिचं रडणं मला ऐकू येत होतं. अंगण आलं, चिंचोके आले. मुलीने मान वर केली, समोर बघितलं आणि परत खाली घातली. घाट उतरला, तरी ऐकू येत होतं. 

आई पडद्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. कधीपासून, ते मला माहीत नाही. चिंचोक्यांच्या उजेडात तिचा हात वर आला आणि तिने उलट्या पंजाने माझा गाल चाचपून पाहिला, ताप बघतात तसा. एक गाल, मग दुसरा. कोरडे होते दोन्ही. मी सरळ बसून राहिले. मला वाटलं, आता ती हात काढून घेईल आणि काहीतरी विचारेल. तिने खांद्यावरचा पदर ओढून घेतला, त्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि माझे कोरडे गाल पुसायला लागली.